नसलेल्या माणसाचा पगार

ज्याला आईबाप नाहीत, गाव नाही, हाडामांसाचे हातपायसुद्धा नाहीत, अशा एका गृहस्थाचा वार्षिक पगार ठरवण्यासाठी मी २०२५ सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी लवाद म्हणून बसलो होतो. खुर्ची माझ्या भाच्याच्या जेवणघरातली होती. अंगात दोन स्वेटर होते, कारण बाहेर न्यूजर्सीचे बर्फ पडत होते. आणि पुढ्यात भाचेसुनेने ठेवलेली चिवड्याची बशी होती. पक्षकार दोन. एक माझा भाचा, तो टेबलाच्या पलीकडे कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. दुसरा त्याचा कॉलेजातला जिवलग मित्र, मूळचा नागपूरचा. तो शिकागोला आपल्या घरी बसून संगणकाच्या पडद्यावरून बोलत होता. आणि ज्याच्या पगारावरून हे सारे चालले होते तो डावखुरा खेळाडू कोठेच नव्हता. संगणकाने चार वर्षांपूर्वी त्याला काही आकड्यांतून जन्माला घातले होते, तेवढेच त्याचे अस्तित्व.

हा काय प्रकार आहे हे समजायला मला स्वतःला आठ दिवस लागले होते. तेव्हा वाचकांनीही थोडा धीर धरावा.

माझा भाचा एडिसनला असतो. दिवसभर तो एका विमा कंपनीत नोकरी करतो. पण रात्री जेवणे झाली, मुलगी झोपली, की तो एका बेसबॉल संघाचा मालक होतो. असे बारा मालक आहेत. कोणी डॉक्टर, कोणी शाळामास्तर, एक तर पोस्टात आहे. या बाराजणांनी मिळून संगणकावर एक लीग काढली आहे. तिच्यातले सामने माणसे खेळत नाहीत, यंत्र खेळते. प्रत्येक खेळाडूच्या अंगचे गुण आकड्यांत मांडलेले असतात, आणि त्यांवरून, वर थोडी नशिबाची फोडणी देऊन, यंत्र एकेका चेंडूचा निकाल लावते. मालकाने फक्त कारभार पाहायचा. कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, कोणाला कितव्या क्रमांकावर पाठवायचे, आणि मुख्य म्हणजे कोणाला किती पगार द्यायचा. पैसा अर्थातच खोटा. पण तो प्रत्येकाला मोजून मिळत असल्यामुळे खऱ्यासारखाच पुरत नाही.

हे वेड काही संगणकाबरोबर आलेले नाही. १९५१ साली पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड सीट्झ नावाच्या गृहस्थाने पत्ते आणि फासे घेऊन घरबसल्या खेळायचा बेसबॉल विकायला काढला. त्याचे नाव अ‍ॅपबा. दहा वर्षांनी, १९६१ साली, हॅल रिचमनचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक आला. प्रत्येक पत्ता म्हणजे एक खरा खेळाडू, आणि फाशावर जे दान पडेल त्याप्रमाणे पत्त्यावरून निकाल वाचायचा. पुढे १९९९ साली मार्कुस हाइनझोन नावाच्या जर्मन गृहस्थाने सारा कारभारच संगणकात आणला. बेसबॉलचे इतके बारकाईचे संगणकी रूप एका जर्मनाने करावे याचे मला फार कौतुक वाटले. रॉबर्ट कूव्हर या लेखकाची १९६८ सालची एक कादंबरीच या वेडावर आहे. तिचा नायक हिशेबनीस असून रात्री एकटा बसून फाशांवर लीग चालवतो. आणि एक दिवस फाशाचे दान असे पडते, की त्याचा लाडका खेळाडू मैदानावरच मरतो. तिथून त्या हिशेबनिसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. मीही जन्मभर हिशेबखात्यात काढली असल्यामुळे ही कथा भाच्याने सांगितली तेव्हा मला हसू आले नाही.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांनी एवढेच ध्यानात धरावे, की ते क्रिकेटचे चुलत भावंड आहे. नऊ खेळाडू, नऊ डाव. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याची किंमत मुख्यतः दोन गोष्टींवरून होते: हंगामात त्याने एकूण किती डाव टाकले, आणि दर नऊ डावांमागे सरासरीने किती धावा दिल्या. दुसरा आकडा जितका लहान तितका पिचर मोठा.

आता यात मी कोठून आलो? भाच्याच्या लीगने पगाराचे सारे नियम अमेरिकेतल्या खऱ्या बेसबॉलवरून उचलले आहेत. खेळाडू आणि संघ यांचे पगारावर जमले नाही, तर तंटा लवादापुढे जातो. यंत्राला सांगितले तर तो तंटाही यंत्रच तोडते. परंतु या बाराजणांना त्यात गंमत वाटेना. म्हणून त्यांनी ठरवले, की संघाची बाजू मालकाने मांडायची, खेळाडूची बाजू दुसऱ्या एखाद्या मालकाने वकील म्हणून मांडायची, आणि लीगबाहेरच्या कोणीतरी निवाडा द्यायचा. खऱ्या बेसबॉलमध्ये तीन लवाद बसतात. यांना एकच मिळणार होता. मी ठाण्याकडच्या एका कारखान्यात नोकरी केली, आणि तीसएक वर्षे युनियनच्या वतीने पगाराच्या वाटाघाटींना बसलो, हे भाच्याने मित्राला सांगितले. मित्र म्हणाला, "मामा असतील तर माझी हरकत नाही." हे वाक्य ध्यानात ठेवावे.

मी म्हटले, "अरे, त्यात काय आहे! एकजण ऐंशी म्हणतो, दुसरा साठ म्हणतो, सत्तरवर सही करून टाकू."

भाचा हसला. "मामा, इथे सत्तर म्हणता येत नाही."

हीच तर या पद्धतीची खरी खुबी. पण ती कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूला पूर्वी आपल्या पगाराविषयी काही बोलताच येत नसे. करारात एक राखीव कलम असे, आणि मालक त्याचा अर्थ असा लावीत, की खेळाडू एकदा संघाचा झाला की तो कायमचा त्या संघाचा. दुसऱ्याकडे जाता येत नाही, मग जास्त मागायचे कोणाच्या जोरावर? घरी बसण्याच्या. जो डिमाजिओसारख्या मोठ्या फलंदाजाने १९३८ साली ४०,००० डॉलर मागितले आणि तो अडून बसला. हंगाम सुरू झाल्यावर मालकाने देऊ केलेल्या २५,०००वरच मुकाट्याने परत आला. १९६६ साली लॉस एंजेलिसच्या सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल या दोन पिचरांनी जोडीने अडून बसायची युक्ती काढली. महिनाभर ताणल्यावर एकाला १,२५,००० आणि दुसऱ्याला १,१०,००० डॉलर मिळाले. परंतु कोफॅक्स काही घरोघरी जन्मत नाही. साध्या खेळाडूने अडून बसावे, तर मालक म्हणणार, बस बापडा!

त्याच १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेने मार्व्हिन मिलर या माणसाला कारभारी नेमले. हा पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला. मला तो आपल्यातला वाटला, हे मी लपवीत नाही. कर्ट फ्लड या खेळाडूने, आपल्याला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकले म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत दावा नेला. १९७२ साली तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. पण हवा बदलली होती. १९७३ सालच्या करारात मालकांनी पगाराच्या तंट्यांसाठी लवाद मान्य केला, आणि १९७४च्या फेब्रुवारीत पहिला तंटा सुनावणीला आला. मिनेसोटाचा पिचर डिक वुडसन २९,००० डॉलर मागत होता. संघ २३,००० म्हणत होता. लवादाने वुडसनला २९,००० दिले.

२६,००० का नाही दिले? कारण ते देण्याचा अधिकारच लवादाला नव्हता. दोन्ही पक्षांनी आधी आपापला एकेक आकडा लिहून द्यायचा. सुनावणी झाली की त्या दोहोंपैकी एक, जसाच्या तसा, उचलायचा. ना एक डॉलर कमी, ना एक डॉलर जास्त. कार्ल स्टीव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली हा विचार मांडला होता. त्याचे म्हणणे असे, की लवाद मधोमध तोडणार हे ठाऊक असले की कामगार आभाळाएवढा आकडा मागतो, मालक शून्याला चिकटून बसतो, आणि आपसात बोलणे खुंटते. पण अवाच्या सवा मागणाऱ्याचा आकडा साफ नाकारला जाणार, अशी भीती असली, की दोघेही आपोआप शहाण्या आकड्याकडे सरकतात. इतके, की बहुतेक वेळा सुनावणीची पाळीच येत नाही. बेसबॉलमध्ये अगदी तसेच घडत आले आहे. दरवर्षी लवादाला पात्र असलेल्या खेळाडूंपैकी फार थोडे प्रत्यक्ष त्या खोलीत जातात. बाकीच्यांचे बाहेरच मिटते. वीस वर्षे ऐंशीच्या ठिकाणी दीडशे मागून सत्तरवर सही करीत आलेल्या मला हे वाचताना थोडी शरम वाटली.

पात्र कोण, याचाही हिशेब आहे, आणि तो आमच्या ग्रॅच्युइटीच्या हिशेबाइतकाच चावट आहे. सर्वांत वरच्या दर्जाच्या संघात १७२ दिवस भरले की नोकरीचे एक वर्ष झाले असे धरतात. पहिली तीन वर्षे संघ देईल ते घ्यायचे. फक्त ठरलेल्या किमान पगाराखाली जाता येत नाही. २०२५ साली ते किमान ७,६०,००० डॉलर होते. तीन वर्षे भरली की सहा वर्षे होईतो लवाद. दोन वर्षांवर पण तिसरे न भरलेल्यांपैकी ज्येष्ठ अशा शेकडा २२ जणांनाही तो हक्क मिळतो. सहा वर्षे पुरी झाली की खेळाडू मोकळा, वाटेल त्या संघाकडे जावे. आता हंगाम असतो १७२ दिवसांहून थोडा मोठा. तेव्हा एखाद्या होतकरू पोराला पहिले दोन आठवडे खालच्या संघातच ठेवले, की त्याचे वर्ष भरत नाही! शिकागोच्या क्रिस ब्रायंटचे २०१५ साली बरोबर १७१ दिवस भरले. एका दिवसासाठी त्याची सुटका एक वर्ष लांबली. त्याने तक्रार गुदरली, आणि २०२० साली तो ती हरला. आमच्याकडे हंगामी कामगाराला २४० दिवस भरायच्या आत कमी करून पुन्हा घ्यायची रीत होती, तिची आठवण होऊन मी भाच्याला म्हटले, की मालक जगभर एकाच शाळेत शिकलेले असावेत. तो गप्प बसला. त्याने स्वतः डावखुऱ्याला पहिल्या वर्षी पंधरा दिवस खाली ठेवला होता.

तर आमचा तंटा असा होता. डावखुऱ्याला त्याच्या अठराव्या वर्षापासून भाच्याने वाढवलेला. गेल्या हंगामात त्याने १४८ डाव टाकले आणि दर नऊ डावांमागे ३.२० धावा दिल्या. मित्राने त्याच्या वतीने मागितले ८० लाख डॉलर. भाच्याने लिहून दिले ६२ लाख.

मधला आकडा ७१ लाख. तो देता येत नसला, तरी सारा खटला त्याच्याभोवतीच फिरतो. लवादाने स्वतःला एवढेच विचारायचे, की या खेळाडूची खरी किंमत ७१च्या वर आहे की खाली? रुपयाभर वर वाटली तर पुरे ८०, रुपयाभर खाली वाटली तर ६२. त्यामुळे ६२ अगदी बरोबर आहेत हे सिद्ध करण्याची भाच्याला गरज नव्हती. ८० फार आहेत एवढे पटवले की भागत होते. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा मी तो चिवडा बाजूला सारला आणि चष्मा पुसून घेतला.

काय पुरावा चालतो आणि काय चालत नाही, याची यादी फार मार्मिक आहे. खेळाडूची गेल्या हंगामातली कामगिरी, आजवरच्या कामगिरीतले सातत्य, पूर्वीचा पगार, त्याच्या बरोबरीच्या खेळाडूंचे पगार, शरीरातला किंवा मनातला दोष, आणि संघाची अलीकडची कामगिरी, एवढे चालते. वर्तमानपत्रांतली स्तुती वा निंदा चालत नाही. इतर धंद्यांतले पगार चालत नाहीत. आधी वाटाघाटीत कोण किती द्यायला तयार झाला होता, ते चालत नाही. आणि मालकाची वा खेळाडूची सांपत्तिक स्थिती चालत नाही! माझ्या तीस वर्षांत मालकाच्या तोंडचे पहिले वाक्य नेहमी एकच असे: कंपनी तोट्यात आहे. ते वाक्यच बंद केले तर आमच्याकडच्या निम्म्या व्यवस्थापकांना बोलायला काही उरले नसते.

खऱ्या सुनावणीत प्रत्येक पक्षाला एक तास आणि मग उत्तराला अर्धा तास मिळतो. आम्ही त्याच्या निम्मे ठरवले. मित्राने सुरुवात झकास केली. ३.२० हा आकडा लीगमध्ये पाचवा. डावखुऱ्याच्या बरोबरीच्या नोकरीच्या कोणाचाही इतका चांगला नाही. मग त्याने एक कागद काढला आणि वाचू लागला: "असा मनगटाचा माणूस दहा वर्षांतून एकदा येतो, तो आहे तोवर मला दुसरे काही नको." हे भाच्यानेच लीगच्या वार्षिक पत्रकात लिहिले होते.

भाचा उसळून म्हणाला, "हरकत! छापील स्तुती पुराव्यात येत नाही."

हरकत बरोबर होती. मी ती मान्य केली. पण भाच्याचे कान लाल झाले होते.

मग त्याची पाळी आली. त्याने तीन समान पिचर पुढे केले, सारख्याच नोकरीचे: ६६ लाख, ६९ लाख, ७४ लाख. तिघांनीही दीडशेच्या वर, १८०पर्यंत डाव टाकलेले. डावखुरा मात्र वर्षात सहा आठवडे आजारी. दोन वर्षांपूर्वी कोपराची शस्त्रक्रिया. सहाव्या डावानंतर त्याच्या चेंडूची धार जाते. मोठ्या सामन्यांत तो दोनदा कोसळला. भाचा वाचत होता, आणि त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला, कारकुनी झाला. पानामागून पान. स्वयंपाकघराच्या दारात भाचेसून येऊन उभी राहिली होती, ती मला हळूच म्हणाली, "मामा, हा रोज रात्री त्याच्याबद्दल वेगळंच सांगतो."

माझ्या मनाची मुरलेली सवय मला पुन्हापुन्हा ७१कडे ओढीत होती. दोघेही शहाणे, दोघांचेही थोडेथोडे खरे. पण तो दरवाजा बंद होता. एका चिठ्ठीवर एक आकडा लिहायचा, आणि, खऱ्या लवादांच्या रिवाजाप्रमाणे, कारण म्हणून एक शब्दही द्यायचा नाही.

मी लिहिले ६२.

पडद्यावर मित्र क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे, मामा. थँक्यू." आणि पडदा काळा झाला. एरवी हे दोघे काम संपल्यावर तासभर गप्पा मारतात, असे मला नंतर कळले.

वाचकांच्या मनात जे आले असेल तेच त्याच्याही मनात आले असणार. मामाने भाच्याला दिले! मी का तसे ठरवले हे चार वाक्यांत सांगितले असते तर किल्मिष उरले नसते. पण नियमाने तोंड बांधलेले. कारणे दिली की पुढच्या खटल्यात त्यांचाच कीस काढतात, म्हणून ती द्यायची नाहीत, असे या प्रथेचे समर्थन मी ऐकले आहे, आणि ते मला पटतेही. तरी त्या रात्री ते फार महाग वाटले. ती कारणे मी इथेही देत नाही.

जेवताना भाचा बोलेना. जिंकलेला माणूस असा का बसतो, हे मुलीलाही कळेना. शेवटी तो म्हणाला, "मामा, मी त्याच्याबद्दल असं बोलायला नको होतं."

"अरे, तो कोठे ऐकत होता?"

"मी ऐकत होतो ना."

खऱ्या खोलीत तर खेळाडू स्वतः बसलेला असतो. पगार वाचवण्यासाठी संघाला आपल्याच माणसाचे उणे बोलावे लागते, तेही त्याच्या तोंडावर, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच मैदानावर पाठवायचे असते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या डेलिन बेटान्सेसने ५० लाख मागितले, संघ ३० लाख म्हणाला, आणि संघ जिंकला. दीड तास खोलीत आपली निंदा चालली होती, असे त्याने नंतर वार्ताहरांना सांगितले. २०२३ साली मिलवॉकीच्या कॉर्बिन बर्न्सची मागणी होती १ कोटी साडेसात लाख, संघाची तयारी १ कोटी १० हजार. सात लाख चाळीस हजारांच्या फरकासाठी (त्या संघाच्या हिशेबात ही चिल्लर) त्याला बसवून ऐकवण्यात आले, की आदल्या वर्षी संघ बाद फेरीत गेला नाही त्याला तोही कारण आहे. संघ जिंकला. संबंध दुखावले हे बर्न्सने उघड सांगितले, आणि पुढच्या वर्षी तो बाल्टिमोरला गेलेला होता.

मला १९७८ साल आठवले. माझी वार्षिक वाढ रोखली होती. युनियनने प्रकरण सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे नेले. महिना ४५ रुपयांचा प्रश्न. कंपनीच्या बाजूने बोलायला आमचे विभागप्रमुख आले होते. माझ्या लग्नात अक्षता टाकलेले, मला हाताला धरून खतावणी शिकवलेले गृहस्थ. त्यांनी खाली मान घालून कागद वाचला: सतरा उशिरा हजेऱ्या, दोन चुकीच्या बेरजा, "कामाचा उरक मंद". त्यांना वाचायला लावले होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. अधिकाऱ्याने मधोमध तोडले. २२ रुपये ५० पैसे. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकाच खोलीत समोरासमोर बसलो, आणि एकदाही बरोबर चहाला गेलो नाही. ते निवृत्त झाले तेव्हा हार मी घातला. बोललो काहीच नाही. बेरजा दोनच चुकल्या होत्या, हेही खरे होते.

हे मी भाच्याला सांगितले. त्याने ताट उचलले आणि सिंकपाशी बराच वेळ पाणी सोडून उभा राहिला.

मार्चमध्ये मी पुण्याला परत आलो. गणपतीच्या आदल्या दिवशी, मखराला कागद चिकटवीत असताना, त्याचा फोन आला. पडद्यावर दोन चौकटी होत्या; एकीत भाचा, दुसरीत शिकागोचे चिरंजीव. दोघांनी आपसात बोलून डावखुऱ्याचा पुढच्या चार वर्षांचा करार करून टाकला होता. म्हणजे पुन्हा लवाद नाही, सुनावणी नाही. आकडा मी विचारला. भाच्याने सांगितला, आणि मी बोट चिकटलेले असतानाच मनात भागाकार केला.

"अरे, हे तर वर्षाला ८०च्याही वर जातात!"

"हो, मामा."

"आणि कोपर?"

"कोपर आहे तसंच आहे," नागपूरकर हसत म्हणाला. "मी त्याला सांगत होतो जास्त होतायत म्हणून. पण मी खेळाडूचा वकील, मला किती ओरडता येणार?"

मग त्याने विचारले, की मामा, त्या दिवशी ६२ का लिहिलेत ते आता तरी सांगा. मी म्हटले, मखराचा डिंक वाळतो आहे, आणि फोन ठेवला.